१०५ दिवस : पनवेलच्या धर्मस्वातंत्र्याविषयी खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नवी मुंबई
मा. जिल्हाधिकारी, रायगड
मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका

विषय : धर्मस्वातंत्र्याचे रक्षण आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेबाबत प्रशासनाचे कर्तव्य

महोदय,

२० फेब्रुवारी २००८ रोजी पनवेलच्या सिनेराज चित्रपटगृहात कमी तीव्रतेचा स्फोट झाला. तेथे ‘जोधा अकबर’ हा चित्रपट लागला होता. स्फोटात कोणाचा जीव गेला नाही. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात स्फोटके सापडली. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला आणि सात जण जखमी झाले. वाशी आणि ठाण्यात निमित्त होते ते ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाचे. त्यात महाभारतातील पात्रांची टिंगल होते, असा आक्षेप होता. पनवेल ते ठाणे हे अंतर १०५ दिवसांचे.

जून २००८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटका केल्या आणि तिन्ही घटनांचा धागा एकत्र जुळला. तपास यंत्रणेने आरोपींचा संबंध सनातन संस्था व हिंदू जनजागृती समिती या हिंदुत्ववादी संघटनांशी जोडला. संस्थेने हा आरोप नाकारला. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा सुनावली आणि चौघांना निर्दोष सोडले. शिक्षा झाली ती व्यक्तींना, त्यांच्या सिद्ध झालेल्या कृत्याबद्दल. या तपासाच्या वेळी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे होते. २००८ च्याच २६ नोव्हेंबरला धर्माच्याच नावाने मुंबईवर हल्ला करणाऱ्यांच्या गोळ्यांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या हल्ल्यात ज्यूंचे नरिमन हाऊसही लक्ष्य होते. एका अधिकाऱ्याच्या एका वर्षात दोन वेगवेगळ्या धर्मांच्या नावाने झालेली हिंसा येते, आणि कायद्याच्या लेखी दोन्हींचे स्वरूप एकच ठरते.

सिनेराजची घटना लहान होती, म्हणूनच ती प्रशासनाच्या अभ्यासाचा विषय आहे. मोठी दंगल उसळल्यावर राखीव दल येते, संचारबंदी लागते, चौकशी आयोग नेमला जातो. लहान घटनेला असा ठरलेला प्रतिसाद नसतो. ती पोलीस ठाण्याच्या डायरीत राहते, आणि पुढची घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडते.

धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय

राज्यघटनेचे २५वे कलम सर्व व्यक्तींना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा समान हक्क देते. ‘व्यक्ती’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हा हक्क केवळ नागरिकांपुरता नाही, आणि केवळ समूहाचाही नाही. देव न मानणारा माणूसही सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात बसतो. या हक्काला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांची इतर कलमे यांची मर्यादा आहे. २६वे कलम धर्मसंप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क देते. २७वे कलम सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणालाही कर भरायला लावता येणार नाही. १९५४ च्या रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या हक्कात मनातल्या श्रद्धेबरोबर ती कृतीतून व्यक्त करणेही येते.

भावना न दुखावली जाण्याचा स्वतंत्र हक्क घटनेत नाही. धर्मभावना दुखावण्याच्या दुष्ट हेतूने, जाणूनबुजून केलेला अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो गुन्हा घडला की नाही हे न्यायालय ठरवते. चित्रपट आवडला नाही म्हणून निदर्शने करणे, बहिष्काराचे आवाहन करणे, न्यायालयात जाणे हे मार्ग आक्षेप घेणाऱ्याला खुले असतात. स्फोटके ठेवणाऱ्याने हे सगळे मार्ग सोडून दिलेले असतात.

पनवेलचा वारसा

पनवेल हे जुने बंदर आणि बाजारपेठ. विरुपाक्ष मंदिर, मशिदी आणि बेने इस्रायली ज्यूंचे ‘बेथ एल’ हे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) एकाच गावात उभे राहिले. हे सिनेगॉग १८४९ सालचे. कोकणातले बेने इस्रायली तेलाच्या घाण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. शेजाऱ्यांनी त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, त्यांच्या जातीच्या नावात नोंदवून घेतला. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली आणि मराठी ही आपली भाषा मानली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत राहिले.

हा वारसा आपोआप टिकणारा नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या. या भागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख होती, आणि तेव्हापासून ती वाढतच आहे. जुन्या पनवेलमध्ये शेजारी एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. नव्या वसाहतीत राज्याच्या व देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली माणसे एका सोसायटीत राहतात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एकमेकांना भेटतात. अफवेला रोखणारी ओळख तिथे अजून तयार व्हायची आहे.

हिंसेचे तीन प्रकार

पहिला प्रकार अभिव्यक्तीवरच्या हल्ल्याचा. सिनेराज, वाशी आणि ठाणे ही त्याची उदाहरणे.

दुसरा प्रकार दुसऱ्या धर्माच्या माणसांवरच्या हल्ल्याचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलीत न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० जणांचा मृत्यू झाला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ जण मेले. या दोन घटनांमध्ये पुरती दोन महिन्यांचीही उसंत नव्हती, आणि दोन्हींत मेलेले बहुतेक जण कुठल्याही भांडणात सामील नव्हते.

तिसरा प्रकार सर्वांत कमी मोजला जातो : आपल्याच धर्मातल्या माणसावर, रूढीच्या नावाने केलेली जबरदस्ती. रायगड जिल्ह्याला त्याचा इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरवली गेली. जमावाने परिषदेच्या मंडपात शिरून आणि वाटेत गाठून प्रतिनिधींना मारहाण केली. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. डिसेंबरमधील सत्याग्रहाच्या वेळी मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. नगरपालिकेने खुले केलेल्या पाण्याचा हक्क न्यायालयाकडून पक्का होईपर्यंत दहा वर्षे गेली.

त्याच प्रकाराचे नंतरचे रूप म्हणजे वाळीत टाकणे. गावकीने कुटुंबाशी बोलणे तोडायचे, देवळात व सणात घ्यायचे नाही, लग्न-मयताला जायचे नाही, दुकानातून माल द्यायचा नाही. अशी प्रकरणे रायगडमधून पुढे येत राहिली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ मध्ये अमलात आला. त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवणे अपेक्षित आहे. धर्मसंप्रदायाच्या हक्काशी या विषयाचे नाते जुने आणि गुंतागुंतीचे आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. समूहाचे स्वातंत्र्य कुठे संपते आणि समूहातल्या एकट्या माणसाचे कुठे सुरू होते, हा तो प्रश्न आहे.

प्रशासनाचे कर्तव्य

१९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात एका तमिळ चित्रपटाचा प्रश्न होता. निदर्शने होतील, हिंसा होईल अशा धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही; विरोधी जमावाला आवरणे हे सरकारचे काम आहे आणि ते जमत नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या बाबतीत पोलिसांचा बंदोबस्त कुणासाठी असतो, याचे उत्तर या निकालात आहे. ‘वातावरण तापले आहे, तुम्हीच प्रयोग रद्द करा’ असा सल्ला आयोजकाला दिला की धमकी देणाऱ्याचे काम पोलीसच पूर्ण करतात. तोच नियम नमाजाला, प्रार्थनासभेला, कीर्तनाला आणि धर्मावर टीका करणाऱ्या व्याख्यानालाही लागू पडतो.

१७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबत तपशीलवार निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमायचा, संवेदनशील भाग आधी ओळखायचे, गुन्हा विनाविलंब नोंदवायचा, जलदगतीने खटला चालवायचा, पीडितांसाठी भरपाईची योजना करायची आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायची. द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, हा निर्देश एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना लागू झाला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांनी केलेल्या खुनासाठी भारतीय न्याय संहितेच्या १०३व्या कलमात आता स्वतंत्र तरतूद आहे.

एक अडचण मात्र कायद्यातच आहे. समाजांत वैर पसरवण्याच्या (कलम १९६) आणि धर्मभावना दुखावण्याच्या (कलम २९९) गुन्ह्यांची दखल न्यायालयाने घेण्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती गुन्हा नोंदवायला किंवा तपासाला लागत नाही. मंजुरीचा प्रस्ताव मंत्रालयात पडून राहिला, तर चांगला तपासही न्यायालयाच्या दारात थांबतो. प्रस्ताव वेळेत आणि सर्व धर्मांच्या आरोपींबाबत सारख्याच निकषाने पाठवणे हे जिल्हा पातळीवरच्या यंत्रणेच्या हातात आहे.

चुका कुठे झाल्या

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. अंमलबजावणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला. नागरिकांचे रक्षण करण्यात राज्य अपयशी ठरले, असे त्यात नोंदवले गेले आणि बेपत्ता व्यक्तींच्या वारसांना शोधून भरपाई देण्याचा आदेश झाला. दंगलीपासून त्या दिवसापर्यंत जवळपास तीस वर्षे झाली होती.

दुसरी चूक उलट दिशेची. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावच्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. ते अनेक वर्षे तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जण मेले. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. घाईने पकडलेला माणूस आणि पुराव्याअभावी सुटलेला आरोपी, या दोन्हींत स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळत नाही. समाजही आपापल्या सोयीने एक निकाल लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो. याला उपाय एकच, आणि तो रुक्ष आहे : पहिल्या दिवसाचा पंचनामा, न्यायवैद्यक पुरावा, साक्षीदारांचे संरक्षण. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली असून ती देशभर बंधनकारक आहे.

जे उपयोगी पडले

पनवेलहून फार दूर नसलेल्या भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भीषण दंगल झाली. तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांचे वेगळेपण रचनेत होते. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी आणि धर्मगुरू बसतात, आणि ती सणाच्या आठवड्यात भरते. मोहल्ला कमिटीत त्या वस्तीतली साधी माणसे दोन्ही समाजांतून सारख्या संख्येने घेतली गेली. बैठका वर्षभर होत राहिल्या आणि वस्तीचा पोलीस शिपाई हा तिचा कणा होता. बोलणे नळ, भांडणे, चोऱ्या यांवर चाले. त्यातून शिपाई माणसांना नावाने ओळखू लागला. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत १९९३ नंतर पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी याच धर्तीवर मोहल्ला कमिटी चळवळ उभारली.

भिवंडीचा धडा पुढेही आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे हिंसा झाली आणि दोन पोलीस कर्मचाऱ्यांचा खून झाला. एकदा उभी केलेली समिती अधिकारी बदलल्यावरही चालू ठेवावी लागते, आणि वादग्रस्त जागेचा निर्णय कागदावर होण्याआधी तिच्यापुढे यावा लागतो.

पनवेलसाठी करण्याची कामे

पनवेलची अडचण हद्दींची आहे. महसुलाच्या दृष्टीने पनवेल रायगड जिल्ह्यात येते आणि जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. पोलिसांच्या दृष्टीने ते नवी मुंबई आयुक्तालयात येते आणि आयुक्तांचे कार्यालय ठाणे जिल्ह्यातल्या बेलापूरला आहे. नव्या वसाहतींच्या अनेक भूखंडांचा निर्णय सिडको करते. धमकी आलेल्या माणसाला यांतले कोणते दार ठोठावायचे हे माहीत नसते.

म्हणून पोलीस आयुक्तांनी पनवेलसाठी समन्वय अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ठाण्यात, चित्रपटगृहात, प्रार्थनास्थळी आणि नाट्यगृहात मराठी, हिंदी व उर्दूत लावणे आवश्यक आहे. धर्माशी संबंधित लहान घटनांची, म्हणजे फाडलेला फलक, प्रार्थनास्थळावर पडलेला दगड, प्रयोग बंद पाडण्याची धमकी, घर भाड्याने देण्यास नकार देणारी सोसायटीची नोटीस, यांची एकत्र नोंद ठेवून ती ठाणे आणि मुंबई पोलिसांच्या नोंदींशी दर महिन्याला ताडून पाहिली पाहिजे. सिनेराज आणि गडकरी रंगायतन यांच्यामधले १०५ दिवस अशा नोंदीसाठीच असतात. मोहल्ला कमिट्या खारघर, कामोठे, कळंबोलीच्या सेक्टरनिहाय असाव्यात आणि त्यांत निम्म्या महिला असाव्यात.

जिल्हाधिकाऱ्यांनी सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी हे ‘गावकीचे अंतर्गत भांडण’ समजून परत पाठवू नयेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पीडितांची भरपाई खटल्याच्या निकालाची वाट न पाहता अंतरिम स्वरूपात देता येते. ती देण्याची कालमर्यादा जाहीर व्हावी.

महानगरपालिकेचे काम सर्वांत साधे आणि रोजचे आहे. मंडपाची परवानगी, ध्वनिक्षेपकाची मर्यादा, दफनभूमी व स्मशानभूमीची जागा, अनधिकृत प्रार्थनास्थळांवरची कारवाई. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. तिथे कोणत्याही धर्माचा उल्लेख नाही. किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि किती दिवसांत, हे दर तिमाहीला प्रसिद्ध केले की पक्षपाताच्या अर्ध्या अफवा तिथेच थांबतात. ज्या अफवा त्यानंतरही खऱ्या ठरतील, त्या दुरुस्त करता येतील.

यांतल्या बहुतेक कामांना नवा कायदा लागत नाही. कलमे, निर्देश आणि अनुभव हाताशी आहेत. पुढच्या लहान घटनेची नोंद ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी तिचा तपास कोणाकडे आहे हे तीनही कार्यालयांना माहीत असणे, एवढी या पत्राची मागणी आहे.

— पनवेलमधील एक नागरिक